भट्टीचं बटण कोण दाबणार?

(मोरा, ता. उरण येथे महिला मंडळांच्या आणि बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



खिडकीच्या जुन्या काचा आणि फेकलेल्या बाटल्या भट्टीत तापवून त्यांच्या ताटल्या, वाट्या, दिवे करायचे, हे काम आपल्या इथल्या काही बायका गेली दोन वर्षं शिकताहेत. मीही त्यांच्याबरोबरच शिकते आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणी हे काम आपल्या गटाला देता येईल का, हे बघायला आल्या आहात. म्हणून आधीच सांगते, मी जाहिरात करायला उभी नाही. हे काम हळू आहे, भट्टी महाग आहे, आणि सुरुवातीचे कितीतरी महिने हातात फक्त तडकलेली काच येते. तरीही बायकांनी ते शिकावं असं माझं मत आहे, पण एका अटीवर. त्या अटीबद्दलच मला जास्त बोलायचं आहे.

बायकांचं प्रशिक्षण म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? शिवणयंत्र, पापड-लोणची, मेणबत्त्या, अगरबत्ती, अलीकडे ब्यूटी पार्लर. समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आम्हाला यासाठी एक शब्द शिकवला होता, उत्पन्नपूरक कार्यक्रम. पूरक म्हणजे काय? मूळ उत्पन्न पुरुषाचं, आणि बाईचं त्यावर वाढलेलं तोंडीलावणं. मोऱ्यात हा शब्द उच्चारायची सोय नाही. इथे बाजारात मासळी विकून घर चालवणाऱ्या बाईला तुझं उत्पन्न पूरक आहे असं कोण सांगणार? आपल्या भागात १९७० नंतर सिडको आली, जमिनी गेल्या, १९८९ साली न्हावा-शेव्याचं बंदर सुरू झालं, खाड्यांमध्ये भराव पडला. नोकरीचा दाखला आला तो बहुतेक घरांत मुलाच्या नावानं. मासळी कमी झाली ती मात्र बाईच्या पाटीतली. तेव्हा आपण शोधतो आहोत ते जोडकाम नाही. गेलेल्या धंद्याच्या जागी उभा राहील असा दुसरा धंदा शोधतो आहोत. त्यात कसब हवं, आणि ते कसब बाईच्या मालकीचं हवं.

काच महाराष्ट्राला नवी नाही. नेवाशाच्या उत्खननात सातवाहन काळातल्या काचेच्या बांगड्या आणि मणी सापडले आहेत. अगदी अलीकडचं बोलायचं तर स्वदेशीच्या काळात १९०८ साली तळेगाव दाभाड्याला पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. अंताजी दामोदर काळ्यांनी घरोघर एकेक पैसा मागून उभारलेला तो फंड. लोकमान्य टिळकांचा त्याला पाठिंबा होता, हे आपण वाचलेलं असतं. एकेक पैसा देणाऱ्यांत बायका किती होत्या, याचा हिशेब मात्र माझ्या वाचनात आला नाही. पुढे १९१६ साली कऱ्हाडजवळ ओगले बंधूंनी कारखाना काढला. त्याच्यावरून त्या जागेला ओगलेवाडी हे नाव पडलं. तिथला प्रभाकर कंदील आपल्या आज्यांच्या घरात होता. संध्याकाळी त्याची काच राखेनं पुसायची ती बाईनं. काच करणारे हात पुरुषांचे, पुसणारे बाईचे.

हे केवळ जुन्या काळातलं नाही. फिरोजाबाद घ्या. आपल्या हातातल्या काचेच्या बांगड्या बहुतेक तिथूनच येतात. तिथे मोठ्या भट्टीपाशी पुरुष. भट्टीतून काचेचा धागा ओढून रुळावर गुंडाळतात, तो कापला की तोंड उघडी असलेली वेटोळी मिळतात. ही वेटोळी पोत्यांत भरून वस्तीवर जातात, आणि तिथे घरात, अंधाऱ्या खोलीत, ज्योतीसमोर बसून बायका आणि मुली त्यांची दोन टोकं जुळवतात. याला तिथे जुडाई म्हणतात. मजुरी तोड्यावर. डोळे जातात, बोटं भाजतात, धूर छातीत जातो. ३० डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ताजमहालाच्या परिसरातल्या कोळसा जाळणाऱ्या कारखान्यांना नैसर्गिक वायू घ्या नाहीतर बाहेर जा असा आदेश दिला. फिरोजाबाद त्याच पट्ट्यात येतं. संगमरवर काळा पडतो म्हणून एवढा मोठा खटला चालला. जुडाई करणाऱ्या बाईच्या छातीसाठी तसा खटला चालल्याचं मी ऐकलेलं नाही.

बाई काचेच्या धंद्यात नव्हती असं नाही, हे एवढ्यासाठी सांगितलं. ती होतीच. विस्तवाचा निर्णय तिच्याकडे नव्हता. काच कधी तापवायची, किती, कधी थांबायचं, हे ठरवणारा तो धंद्याचा मालक. बाकीचे हातकाम करणारे.

आता आपलं काम. काचेत फुंकून भांडी करायची तर हजार अंशांच्या वर सतत पेटलेली भट्टी लागते. ती विझवता येत नाही, तिला पाळ्या लागतात, ती कारखान्याचीच गोष्ट. आम्ही शिकतो ते वेगळं. विजेच्या पेटीसारख्या भट्टीत थंड काच मांडायची, झाकण लावायचं, आणि मग हळूहळू तापवायची. दोन काचा एकमेकींवर ठेवून एकजीव केल्या तर त्याला फ्यूजिंग म्हणतात. सपाट काच साच्यावर ठेवून ती मऊ होऊन आपल्याच वजनानं साच्यात बसू दिली तर ते स्लम्पिंग. या दोन्ही रीती फुंकण्याच्या आधीच्या आहेत. रोमन लोक अशा वाट्या करत. मग फुंकण्याची युक्ती निघाली आणि जुनी रीत मागे पडली. विसाव्या शतकात ती पुन्हा वर आली, आणि ती आणणाऱ्यांत बायका ठळक आहेत. अमेरिकेत फ्रान्सेस हिगिन्स या बाईनं १९४० च्या दशकात भट्टीत काच वाकवायला सुरुवात केली, पुढे नवऱ्याबरोबर शिकागोत राहत्या घरी कामाची जागा केली. क्लीव्हलंडच्या एड्रिस एकहार्टनं काचेच्या थरांत सोन्याचा वर्ख बंद करण्याची प्राचीन रीत स्वतः प्रयोग करून परत मिळवली. मोठ्या भट्टीच्या दारात बाईला उभं करत नव्हते, पण ही लहान भट्टी घरात मावली. मला यात मोठी गोष्ट दिसते. अर्थात घरात मावणारं काम घरातच कोंडलं जातं, हेही आपण विडीच्या धंद्यात पाहिलं आहे.

शिकायचं काय, ते आता जरा सविस्तर सांगते, कारण भाषणं ऐकून काच वितळत नाही.

पहिलं कापणं. काच कापायच्या हत्याराला आपल्याकडे हिरकणी म्हणतात. रायगडाच्या जिल्ह्यात राहून हे नाव घेताना मला दरवेळी गंमत वाटते. हिरकणीनं रेघ एकदाच ओढायची, सारख्या दाबानं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. त्याच रेघेवर पुन्हा फिरवली की चाक बोथट होतं आणि काच वेडीवाकडी फुटते. रेघ बरोबर बसली तर बारीक चर्र असा आवाज येतो. तो कानाला ओळखता आला की अर्धं काम झालं. गाडीची बाजूची काच, काचेचे दरवाजे हे टफन केलेले असतात. ते कापायला जाऊ नका, सगळी काच एका क्षणात खड्यांसारखी विखुरते.

दुसरं, कोणती काच कोणत्या काचेशी जमते. इथेच सगळ्यांत जास्त नुकसान होतं. तापली की प्रत्येक काच फुगते, निवली की आकसते, पण सगळ्या सारख्या नाहीत. खिडकीच्या काचेची एक मीटर लांब पट्टी शंभर अंशांनी तापली तर एक मिलिमीटरपेक्षा थोडी कमी वाढते. कलाकामासाठी परदेशात जी खास काच मिळते, तिच्यावर ९० किंवा ९६ असे आकडे असतात. ते या वाढीचेच आकडे. ९० ची काच ९६ ला जोडली तर भट्टीत छान एकजीव झालेली दिसते, आणि बाहेर काढल्यावर त्या दिवशी नाही तर आठ दिवसांनी, कपाटात ठेवल्या जागी, टक् करून तडकते. आपल्या खिडकीची काच साधारण ८५ च्या आसपासची. म्हणून आम्ही नियम केला आहे. एकाच तावदानाची काच त्याच तावदानाशी, एका बाटलीची काच त्याच बाटलीशी. दोन वेगळ्या घ्यायच्या तर आधी चाचणी. मोठ्या काचेवर दुसरीचा लहान तुकडा वितळवायचा आणि पोलराइज्ड फिल्मच्या दोन तुकड्यांमधून बघायचं. ही फिल्म बिघडलेल्या कॅल्क्युलेटरच्या पडद्यातून निघते. दोन्ही फिल्म आडव्या-उभ्या धरल्या की अंधार होतो. त्यात तुकड्याभोवती उजेडाचं कडं दिसलं तर काच आतून ओढली जाते आहे, ती टिकणार नाही. अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात बुल्सआय नावाची प्रसिद्ध काच कंपनी १९७४ साली निघाली, ती सुरुवातीला जुन्या बाटल्याच वितळवत होती. भंगारातून सुरुवात करण्यात लाजण्यासारखं काही नाही.

काही काचा मात्र दाराबाहेरच ठेवायच्या. ट्यूबलाइट नको, तिच्यात पारा असतो. जुन्या टीव्हीची पिक्चर ट्यूब नको, तिच्यात शिसं असतं. प्रयोगशाळेतली उष्णता सोसणारी काच वेगळ्या जातीची, ती आपल्या काचेशी जमतच नाही.

तिसरं, खिडकीच्या काचेला दोन बाजू असतात. ही काच वितळलेल्या कथलावर तरंगवून करतात, म्हणून एका बाजूला कथलाचा अंश राहतो. डोळ्यांना दिसत नाही. नोटा तपासायच्या दिव्यांपैकी आखूड लहरींचा अतिनील दिवा मिळाला तर त्याच्याखाली ती बाजू दुधी चमकते, पण त्या दिव्याकडे उघड्या डोळ्यांनी बघायचं नाही. ती बाजू वाकताना दाबली गेली तर वाटीवर धुकं बसल्यासारखा डाग येतो, आणि घासून जात नाही.

चौथं, साचा. मातीचा साचा असेल तर काच त्याच्या आत बसवायची, स्टीलचं भांडं असेल तर त्याच्या पाठीवरून सोडायची. कारण निवताना माती काचेपेक्षा कमी आकसते आणि स्टील जास्त. मातीच्या भांड्यावर पालथी घातलेली काच आकसून त्यालाच मिठी मारते आणि फुटते. साच्याला तळाशी एखादं बारीक भोक हवं, नाहीतर हवा कोंडते. आणि प्रत्येक वेळी चिनी माती आणि अल्युमिनाचा पातळ लेप द्यायचा, नाहीतर काच साच्याला चिकटते. केकच्या भांड्याला तूप-पीठ लावतो तसंच.

आता भट्टी. खिडकीच्या काचेची वाटी साच्यात बसायला सातशेच्या आसपास अंश लागतात. दोन थर पूर्ण एकजीव व्हायला आठशे तीस-चाळीस. प्रत्येक भट्टीचा स्वभाव दहावीस अंशांनी वेगळा असतो. सातशे ते आठशेच्या मध्ये काच फार वेळ रेंगाळली तर तिच्यावर साय धरल्यासारखा पांढुरका थर येतो, म्हणून तिथून लवकर पुढे जायचं. पण चढताना सुरुवातीला घाई नको. गरम चहा ओतला की थंड पेला का तडकतो, ते तुम्हाला माहीत आहे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं उतरताना. साडेपाचशेच्या आसपास काचेला थांबवावं लागतं, म्हणजे आतली आणि बाहेरची काच एका तापमानाला येते, ताण निघून जातो. मग तिथून पुढे सावकाश खाली. शास्त्रात याला ॲनिलिंग म्हणतात. आम्ही म्हणतो काच निववणं. जाड काचेला जास्त वेळ. भट्टी हात लावण्याइतकी थंड होईपर्यंत झाकण उघडायचं नाही. संध्याकाळी मांडलेली भट्टी दुसऱ्या दिवशी दुपारी उघडायची. उत्सुकतेपोटी उघडलेल्या भट्टीतली काच आम्ही जपून ठेवली आहे, नव्या बायकांना दाखवायला.

वीज गेली तर? आपल्याकडे हा प्रश्न पहिला यायला हवा. झाकण बंदच ठेवायचं. आतली उष्णता हळूहळू उतरते, बऱ्याचदा काच वाचते. वीज आल्यावर काही कंट्रोलर पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरू होतात. म्हणून आधी आतलं तापमान वाचायचं, घड्याळ बघायचं, आणि मग ठरवायचं. हे ठरवणं कोण करणार? इथे मी माझ्या अटीपाशी येते.

आमच्या गटात सुरुवातीला वाटणी अशी झाली. बायका काच गोळा करत, धूत, कापत, मांडत, साच्याला लेप देत. मग भट्टी जोडून देणारा कारागीर येई, कंट्रोलरमध्ये आकडे भरी, बटण दाबी आणि जाई. त्याचे पैसे दर भट्टीमागे. दुसऱ्या दिवशी बायका झाकण उघडून वस्तू घासत, पुसत, बांधत. माणूस वाईट नव्हता. तो एवढंच म्हणायचा, तुम्ही कशाला त्रास घेता, विजेचं काम आहे. गणपतीत तो आठ दिवस गावी गेला. ऑर्डर पडून होती, काच मांडून तयार होती, आणि दहा बायका बंद भट्टीकडे बघत बसल्या. तेव्हा आमच्यातली एक, भाऊच्या धक्क्यावरून मासळी आणून विकण्यात जिची वीस वर्षं गेली आहेत, मला म्हणाली, “ताई, समदं आपुन करतो, मंग बटन कोन दाबनार?”

या एका प्रश्नात फिरोजाबाद आलं, ओगलेवाडी आली, तुमची-आमची सगळी प्रशिक्षणं आली. आम्ही ठरवलं की त्या दिवसापासून भट्टी बायकाच लावतील. शिकवायचं तर त्या कारागिरानं हे शिकवावं, आणि त्याचे पैसे शिकवण्याचे द्यावेत.

मला आकड्यांची काळजी होती. गटातल्या चौघी सातवीच्या पुढे शाळेत गेलेल्या नाहीत. कंट्रोलरवर इंग्रजी अक्षरं, आणि प्रत्येक टप्प्याला तीन आकडे. किती वेगानं चढायचं, कुठवर, आणि तिथे किती वेळ थांबायचं. पण समजावून सांगण्याचं काम त्यांनीच सोपं केलं. भरतीचं पाणी चढतं, थोडा वेळ ठाव घेतं, मग उतरतं. तिथीवरून लाँच कधी सुटेल आणि गाळामुळे कधी अडेल, याचा हिशेब मोऱ्यातली प्रत्येक बाई मनात करते. उधाणाची भरती वेगळी, भांगाची वेगळी. त्यांनी भट्टीचा तक्ता असाच मांडला. चढ, ठाव, उतार. फ्यूजिंगला उधाण म्हणतात, स्लम्पिंगला भांग. मी ते शब्द बदलले नाहीत.

मग वही आली. दर भट्टीला एक पान. तारीख, कोणती काच, किती जाड, कुठे मांडली, चढ-ठाव-उतार, वीज गेली का, उघडल्यावर काय दिसलं, आणि भट्टी लावणारीची सही. बिघडलेल्या भट्टीचं पान जास्त काळजीनं लिहायचं. या वहीवरून भांडण झालं. एकीचा नवरा म्हणाला, वही घरी आण, मी दुसरीकडे दाखवतो, आपली स्वतःची भट्टी काढू. ती आणली नाही. गटाच्या खोलीतून वही बाहेर जाणार नाही, नक्कल हवी तर तिथेच बसून प्रत्येकीनं स्वतःच्या हातानं करावी, असं ठरलं. आज आठ जणींच्या आठ नकला आहेत. माझ्या मते गटाची खरी मालमत्ता तीच. भट्टी जुनी होते. आपल्या खाऱ्या हवेत तर तारांच्या जोडांना सहा महिन्यांत गंज धरतो.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. गटातल्या एका विधवा मैत्रिणीनं फुटक्या बांगड्यांचे तुकडे आणले. नवरा गेला तेव्हा सासूनं फोडलेल्या त्या बांगड्या. त्या तिनं तशाच पुडीत ठेवल्या होत्या. तिला त्या ताटलीत घालायच्या होत्या. आम्ही खिडकीच्या काचेवर मांडल्या, आणि ताटली तिसऱ्या दिवशी तडकली. चाचणी केली तेव्हा उजेडाचं कडं स्पष्ट दिसलं. बांगडीची काच आपल्या काचेपेक्षा वेगळी, तिचा मेळ बसत नाही. मग तिनं फक्त बांगड्यांचेच तुकडे एकत्र मांडून, कमी तापमानाला, एक लहानसा चौकोन केला. तो अजून शाबूत आहे. काही कार्यकर्त्या म्हणतात, हे प्रतीक म्हणून छान आहे, आपण असे चौकोन करून विकू. मला ते पटत नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे २०२२ मध्ये बांगड्या फोडण्यासारख्या विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, शासनानं त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींसाठी परिपत्रक काढलं. काम करायचं ते तिथे, आपापल्या ग्रामसभेत आणि आपापल्या दारात. तिचा चौकोन तिचा आहे. तो विकायचा की नाही, हे ती ठरवेल.

तब्येतीचं थोडक्यात, पण कानाआड करू नका. काचेची कड घासताना कायम पाणी हवं. सुक्या झाडूनं काचेची धूळ झाडायची नाही, ओल्या फडक्यानं पुसायची. लेपाची पूड मिसळताना तोंडाला साधा रुमाल पुरत नाही, धुळीचा मास्क हवा. खाणीतल्या मजुरांना सिलिकोसिस होतो तो अशाच बारीक धुळीनं. तान्ही मुलं त्या खोलीत नकोत. रंगीत मुलामा वापरलात तर त्यात शिसं आणि कॅडमियम असू शकतं. अशा वाटीत खायचं नाही, आणि तसं गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. गिऱ्हाईक जाईल म्हणून गप्प बसणं आपल्याला शोभणार नाही.

पैशाबद्दल. काच भंगारातून जवळजवळ फुकट मिळते, म्हणून लोकांना वाटतं की सगळा नफाच आहे. पाच किलोवॉटची भट्टी आठ तास सलग चालली तर ४० युनिट होतात. प्रत्यक्षात भट्टी तापली की तार चालू-बंद होत राहते, म्हणून कमी होतात, पण वीज हाच मोठा खर्च. त्याहून मोठा खर्च कोणी धरतच नाही, तो म्हणजे बाईचा वेळ. बाटलीची लेबलं काढणं, धुणं, कापणं, कड घासणं, यांचे तास लिहा. बाईचे तास शून्य धरून काढलेली किंमत ही किंमत नव्हे, ती देणगी आहे. आमच्याकडे एक व्यापारी आला होता. म्हणाला, तुम्ही फक्त कापून आणि मांडून द्या, भाजायचं आम्ही आमच्याकडे बघू, नगावर पैसे रोख. दोघी-तिघींना ते बरं वाटलं, आणि त्यांना मी दोष देणार नाही. रोख पैसा म्हणजे काय, ते घरात दोन आठवडे मासळी नसलेल्या बाईला विचारा. तीन बैठका झाल्या. शेवटी गटानं नाही म्हटलं. त्या महिन्यात प्रत्येकीच्या वाट्याला फार थोडं आलं, हे मी लपवत नाही. एकीनं गट सोडला.

आणि मीटर. एवढ्या भाराची जोडणी घ्यायची तर जागेचे कागद लागतात. कोळीवाड्यात घरांच्या कागदांची काय अवस्था आहे, ते तुम्ही जाणता. आणि जिथे कागद आहेत तिथे ते नवऱ्याच्या, सासऱ्याच्या, दिराच्या नावावर. मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलांइतका हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशभर तो २००५ साली आला. कायदा झाला, सातबाऱ्यावर आणि घरपट्टीच्या पावतीवर बाईचं नाव किती ठिकाणी आलं? आमच्या खोलीचा मालक भला आहे म्हणून भट्टी चालते. त्याचा विचार बदलला तर भट्टी उचलून कुठे न्यायची, याचं उत्तर आज आमच्यापाशी नाही. दुसऱ्या भट्टीसाठी कर्ज काढायचं घाटतं आहे. ते गटाच्या नावावर काढायचं, एकीच्याही नवऱ्याची सही घ्यायची नाही, एवढं ठरलं आहे. बँक काय म्हणते ते बघू.

ज्यांना शिकायचं आहे त्यांनी एकट्या येऊ नका, गटातून दोघी या. एकीनं कापणं शिकावं आणि दुसरीनं भट्टी, आणि महिन्यानं अदलाबदल. येताना आपल्या गावातल्या खिडकीच्या काचेचा एक तुकडा आणा, कागदात गुंडाळून, कुठून आणला ते वर लिहून. येत्या गुरुवारी संध्याकाळी भट्टी लागणार आहे, शुक्रवारी दुपारी उघडेल. मुंबईहून येणाऱ्यांनी लाँचची वेळ आधी विचारून घ्या. ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाही, मग उरणच्या गाडीनं यावं लागेल.